चादरीला वीस गुण

सारजाबाई नर्सचा जन्म झरीचा, लग्न झरीजवळच्याच एका वाडीतलं, आणि बाकीचं सगळं आयुष्य बारा खाटांच्या एका सरकारी दवाखान्यात गेलं. दवाखाना मानवत आणि सोनपेठच्या मधल्या एका बाजारगावचा. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि त्यांना भांडायला निमित्त लागत नाही.

बाई ठेंगणी, रंगाने काळी, मनगटाने पैलवान. पांढरं लुगडं नऊवारीच नेसायची, कारण पाचवारी नेसून माणूस उचलता येत नाही असं तिचं ठाम मत होतं. जिभेचं तर विचारूच नका. दुखणाईत माणूस औषधाने बरा होतो की सारजाबाईच्या तोंडाला कंटाळून, याबद्दल गावात दोन तट होते. पण घरचं माणूस दवाखान्यात टाकायची वेळ आली की दोन्ही तट आधी एकच गोष्ट विचारायचे, "बाई कामावर हाय का?"

ती पहिल्यांदा इथे आली ती नोकरीला नव्हे. तेव्हा निजामाचं राज्य होतं. लग्नाला वर्ष झालं नाही तोच नवरा पटकीने गेला आणि मागोमाग सासूच्या अंगावरून वारं गेलं. एकोणीस वर्षांची सारजा सासूला बैलगाडीत घालून घेऊन आली. त्या वेळचे डॉक्टर हैदराबादचे, म्हातारे आणि शांत. त्यांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी हिची कूस बदल. सारजा हात लावायला गेली की सासू किंचाळायची, "मेले गं माय!" आणि सारजाचे हात गळायचे. बिचारीला कशाला त्रास, म्हणून ती तिला तशीच निजू द्यायची, पाय चेपायची, पदराने वारा घालायची. पंधरा दिवसांत सासूची पाठ कुजली आणि महिन्याच्या आत म्हातारी गेली. "दुखण्यानं न्हाई गेली, मपल्या मायेनं गेली," असं सारजाबाई पुढे सगळ्यांना सांगायची. सांगताना तिला लाज वाटायची आणि ती लाज ती लपवतही नसे.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला रागावलं नाही. उलट आया म्हणून ठेवून घेतलं आणि काही वर्षांनी हैदराबादला शिकायला पाठवलं. तिथून ती उर्दूत लिहिलेली सनद घेऊन आली. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, डॉक्टर गेले, नवं सरकार आलं. त्या सरकारने तिला हंगामी नर्स म्हणून लावून घेतलं. छप्पन साली परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला आणि कागदांचा रंग पुन्हा बदलला. एवढ्या उलथापालथीत बाईच्या नावापुढचा ‘हंगामी’ हा शब्द तेवढा टिकून राहिला. नऊ वर्षं झाली होती.

आता तिच्या कामाची तऱ्हा सांगायला हवी, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरूनच झाला. बारा खाटांना नर्स एक आणि आया एक, छबूबाई. दोघींच्या चार हातांनी बारा माणसं दर दोन तासांनी हलवणं शक्य नव्हतं. पण प्रत्येक खाटेमागे नातेवाईक होते, तेही ढिगाने. मग सारजाबाईने नातेवाइकांनाच जुंपलं, फक्त एक नियम घातला. आपल्या माणसाला आपण हलवायचं नाही. तुमचं माणूस शेजारच्या खाटेवाले हलवतील, शेजारच्यांचं तुम्ही हलवा. आपलं माणूस विव्हळलं की हात सुटतो. परक्याचं विव्हळणं सोसतं. हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

सत्तावन्न सालच्या वैशाखात लिंबाजी आला. सोनपेठकडचा बावीस वर्षांचा गडी. कैऱ्या उतरवताना फांदी मोडली आणि मांडीचं हाड मोडून बसला. पाय दोरीने ताणून खाटेच्या टोकाला विटा लोंबकळत सोडल्या आणि त्याला सांगितलं, आता दोन महिने उताणं. सोबत त्याची आई धुरपताबाई, दोन एकरांची धनीण, काखेत ज्वारीच्या पिठाचं गठुडं. शेजारच्या खाटेवर व्यंकटराव पाटील, अर्धं अंग गेलेले. त्यांच्या उशाशी त्यांची बायको कस्तुराबाई, गळ्यात सोनं आणि कपाळावर कायमची आठी.

"पाटलीनबाई," सारजाबाई म्हणाली, "ह्या पोराची पाठ उचलायचं काम तुमचं. आन धुरपताबाई, तुमी पाटलाची कूस बदलायची."

कस्तुराबाईंना वाटलं बाईला ऊन लागलं. "आमी? आमी कुनाच्याबी पोराच्या पाठीला हात लावावं? आन हिनं पाटलाला धरावं?"

"मंग पाटलाला आसंच निजू द्या. पाठ सडली की वास सुटतोय. त्या वासात पाटीलकी कुनाला कळत न्हाई."

कस्तुराबाई दोन दिवस रुसून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि लिंबाजीच्या कमरेखाली हात घातला. एका बाजूने त्या, दुसऱ्या बाजूने छबूबाई, गडी चार बोटं वर उचलायचा, आणि सारजाबाईने खालून स्पिरिट चोळून पावडर लावायची. लिंबाजी ओरडायचा. कस्तुराबाई म्हणायच्या, "वरड, वरड. मपल्या पोटचा थोडाच हाईस?" आणि उचलून धरायच्या. आठ दिवसांत त्यांचा हात इतका बसला की त्या बाकीच्या खाटांवरच्या बायकांना शिकवू लागल्या.

आणि सारजाबाई तपासायची. तिची तपासणी म्हणजे डोळे मिटून, तळहात वर करून, निजल्या माणसाच्या पाठीखाली हात सारायचा. ओल आहे का, ऊब जास्त आहे का, लुगड्याची घडी रुतते आहे का, भाकरीचा चुरा पडला आहे का, सगळं त्या हाताला कळायचं. मग ज्याची चूक असेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. या सगळ्यात वॉर्ड दिसायला मात्र जत्रेसारखा. खाटांखाली गठुडी, खिडकीत वाळत घातलेली धोतरं, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. हे कौतुकाने सांगत नाही. घाण होतीच. पण पाठी साबूत होत्या.

अशा वेळी जिल्ह्याहून ते पत्रक आलं. नाव मोठं भारदस्त, ‘शुश्रूषा प्रतवारी पत्रक’. जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यातल्या शुश्रूषेचा दर्जा मोजायचा आणि वाढवायचा, असा सरकारचा विचार होता. विचार चांगलाच होता. त्याला कोणी नावं ठेवू नयेत. शंभर गुण. ते द्यायला पुढल्या आठवड्यातल्या गुरुवारी तपासनीस साहेब येणार होते. त्यातले चादरीला वीस. चादर पांढरी, ताणलेली, सुरकुतीवाचून. नोंदवहीला पंचवीस, भिंतींना पंधरा, नर्सच्या पोशाखाला दहा, शिस्तीला दहा, असं करत करत शंभर भरवलेले. आणि भेटीची वेळ सोडून वॉर्डात नातेवाईक दिसला तर माणशी एक गुण वजा.

बन्सीधर कारकुनाने त्याच दिवशी हिशेब करून सांगितलं, "साहेब, आजच्या घडीला आपल्याला शून्याच्याबी खाली गुण पडायलेत."

साहेब म्हणजे डॉक्टर दिनकरराव, पुण्याकडून नव्याने बदलून आलेले. माणूस हुशार, हात चांगला, पण हा मुलूख त्यांना शिक्षा वाटायची. इथलं ऊन, इथलं पाणी, इथली भाषा, सगळं त्यांच्या प्रकृतीला बाधायचं. प्रतवारीत पहिला नंबर आला तर बदलीचा अर्ज लवकर सुटेल, एवढं त्यांना पत्रक वाचता वाचता कळलं. आणि सारजाबाईलाही त्यांनी एक ओळ दोनदा वाचून दाखवली. ज्या दवाखान्यास पंचाहत्तरच्या वर गुण पडतील, तेथील हंगामी नर्सला कायम करण्याचा विचार व्हावा.

बाई लोभात पडली. तिच्या बाजूने सांगायचं तर मागे ना पुढे कोणी. माहेरी भाऊ होता, पण भावजयीने दार कधीच लोटून घेतलेलं. हंगामी बाईला उद्या कोणीही ‘जा’ म्हणू शकतं. कायम झाली तर म्हातारपणी कोणाच्या ओट्यावर भाकरीला बसावं लागणार नव्हतं. तिने गप्प बसायचं ठरवलं. सगळ्या गावाला धाकात ठेवणारी जीभ त्या दिवशी जी टाळ्याला चिकटली, ती अकरा दिवस.

नातेवाइकांना रस्त्यापलीकडच्या धर्मशाळेत हाकललं. संध्याकाळी एक तास भेट, तीही लांबून. भिंतींना चुना लागला. छबूबाई दिवसभर तांब्यात निखारे भरून चादरींना इस्त्री करायची. चादरी आणायच्या, ओढायच्या आणि चारी टोकं खाटेखाली सुतळीने करकचून बांधायची. पण चादर माणसाखाली असते आणि माणूस हलतो, ही अडचण पत्रक करणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती. ती डॉक्टर दिनकररावांनी सोडवली. त्यांनी हुकूम काढला की सकाळी चादर घातल्यावर कोणीही हलायचं नाही, आणि कोणालाही हलवायचं नाही.

वॉर्डात सकाळ-संध्याकाळ तालीम सुरू झाली. "हलू नका हो, सुरकुती पडेल," असं बन्सीधर दारातून ओरडायचा. बारा माणसं छताकडे बघत पडून राहायची. माशी बसली तर नाक फुगवून उडवायची. डॉक्टर स्वतः गुण द्यायचे. पहिल्या तालमीला एकेचाळीस पडले, दुसरीला त्रेसष्ट, तिसरीला अठ्ठ्याहत्तर. गावातले चार प्रतिष्ठित दारातून डोकावून गेले आणि म्हणाले, असा दवाखाना आम्ही उभ्या जन्मात पाहिला नाही. यात खोटं काही नव्हतं.

लिंबाजी गरीब स्वभावाचा. सांगितलं तसं ऐकणारा. पाचव्या-सहाव्या दिवशी तो हळूच म्हणाला, "बाई, पाठ लय आग मारायली."

"बेस्तरवारपत्तुर दम धर. तपासनीसायब येऊन गेले की बघंन," सारजाबाई म्हणाली.

असं उत्तर तिने नऊ वर्षांत कोणाला दिलं नव्हतं. ते तिच्या कानालाही लागलं, पण ती पुढच्या खाटेकडे गेली. सोमवारी मात्र राहवलं नाही. कोणी बघत नाही असं पाहून तिने लिंबाजीच्या कमरेखाली हात सारला. माकडहाडावरची कातडी तापली होती आणि हाताला चिकट लागली. मंगळवारी तिथे काळा फोड होता. बुधवारी सकाळी फोड फुटला. पुढे काय होतं ते तिला माहीत होतं. आधी मांस जातं, मग हाड दिसतं, मग ताप, आणि मग बावीस वर्षांचा असो की बहात्तरचा, तिरडीच. ती डॉक्टरांकडे गेली.

"उद्याचा एक दिवस," डॉक्टर म्हणाले. "परवा तुम्हाला काय करायचं ते करा. आज त्या खाटेला हात लावलात तर चादरीला डाग पडेल. आणि बाई, त्या ओळीतली नर्स तुम्हीच आहात, हे विसरू नका."

ती विसरली नव्हती. म्हणूनच गप्प राहिली. बुधवारी संध्याकाळी भेटीचा तास संपवून ती नातेवाइकांना धर्मशाळेत पोचवायला गेली, तेव्हा धुरपताबाईने तिचा पदर धरला.

"बाई, मी खिडकीतून बघायलेय. पोरगं दातावर दात धरून पडलंय. एकदा वाटलं, आत शिरावं आन मीच उचलावं. पर तुमी सांगितलाव, आपलं आपून उचलू न्हाई. तुमचा हात फिरायलाय न्हवं त्याच्या पाठीखालून?"

"फिरायलाय," सारजाबाई म्हणाली.

"मंग मला घोर न्हाई," असं म्हणून ती माउली चुलीपुढे भाकरी थापायला बसली.

सारजाबाई रस्ता ओलांडून परत आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसली. तिला स्वतःची शिसारी आली. सासूच्या वेळी ती अडाणी होती, एकोणीस वर्षांची होती, माया होती. आज सनद होती, अक्कल होती, आणि माया चादरीवर होती. तिने जेवायचं पान तसंच झाकून ठेवलं. रागही आला, पण तो कोणावर काढायचा हे पहिल्यांदाच तिला कळेना.

गुरुवारी अकरा वाजता तपासनीस साहेब मोटारीतून उतरले. काडीसारखे बारीक, चष्मा, बोलणं मऊ. वाईट माणूस नव्हता. त्यांच्याजवळ एक शिसपेन्सिल होती आणि चादर तपासायची त्यांची स्वतःची रीत होती. पेन्सिल चादरीवर आडवी ठेवायची आणि बोटाने ढकलायची. सुरकुती असेल तर अडते, नसेल तर घरंगळत काठावरून खाली पडते. बारा खाटांवर बारा वेळा पेन्सिल खाली पडली आणि बारा वेळा बन्सीधरने ती वाकून उचलून दिली. डॉक्टर दिनकररावांच्या चेहऱ्यावर पुणे दिसू लागलं.

लिंबाजीच्या खाटेपाशी साहेब थांबले. पत्रकात नर्सला एक प्रश्न विचारायचा होता. "बाई, निजून असलेल्या रोग्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं काय?"

उत्तर बन्सीधरने आठ दिवस घोकून घेतलं होतं. स्वच्छता, शांतता, शिस्त. सारजाबाईने तोंड उघडलं. लिंबाजी छताकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर उकाड्याचा नव्हे, तापाचा घाम होता.

"सायब, जरा हात द्या," ती म्हणाली.

आणि कोणाला काही कळायच्या आत तिने साहेबांचं मनगट धरलं, तळहात वर केला आणि लिंबाजीच्या कमरेखाली सारला. लिंबाजी ओरडला. साहेबांनी हात ओढून काढला तेव्हा बोटांना पू लागलेला होता. वास वॉर्डभर पसरला. सारजाबाई आता थांबणार नव्हती. "छबू, धर तिकडून!" दोघींनी गडी उचलला, चादर सुतळीसकट सुटून आली आणि खालचा तळव्याएवढा डाग सगळ्यांनी पाहिला.

"वरून लय बघितलाव, सायब. आता खालून बघा. हे ह्या दवाखान्यात झालंय. डॉक्टरसायबांनी चादर सांभाळ म्हनले आन मी चादर सांभाळले. अकरा दिवस ह्याची पाठ उचलले न्हाई."

साहेबांनी बाहेर जाऊन तीनदा हात धुतले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ते हळहळले, मनापासून हळहळले. मग त्यांनी पत्रक उघडलं आणि ही गोष्ट लिहायची कुठे ते शोधू लागले. पुढून शोधलं, मागून शोधलं. पाठ असा रकाना नव्हता. ‘इतर शेरे’ यासाठी एक ओळ होती, पण तिथे त्यांनी आल्या आल्याच ‘परिसर आल्हाददायक’ असं लिहून टाकलं होतं. शेवटी जेवढं लिहिता येत होतं तेवढं त्यांनी लिहिलं. चादर विसकटली म्हणून दोन गुण वजा. नर्सने न विचारता भाषण केलं आणि अधिकाऱ्याला हात लावला म्हणून शिस्तीचे पाच वजा. एकूण एक्क्याऐंशी. दवाखाना जिल्ह्यात पहिला आला.

मोटार वळणाआड गेली तशी सारजाबाई धर्मशाळेत गेली. धुरपताबाई निवडायला घेऊन बसली होती.

"धुरपताबाई, काल मी खोटं बोलले. मपला हात फिरत नव्हता. पोराची पाठ सडलीय."

धुरपताबाई उठली. सूप बाजूला ठेवलं. सारजाबाईला वाटलं, आता ही मारणार. मारावं असंही वाटलं.

"मारायचं तर मी तुमाला मागून मारीन," धुरपताबाई म्हणाली. "आदी पोराकडं चला."

त्या संध्याकाळी सगळे नातेवाईक परत आत आले. डॉक्टर अडवायला आले नाहीत. पत्रक जिल्ह्याला गेलं होतं आणि त्यांना चादरींचं काही काम उरलं नव्हतं. सडलेलं मांस डॉक्टरांनीच कापून काढलं आणि ते काम त्यांनी उत्तम केलं, हेही सांगायला हवं. पुढचं बायकांचं. सारजाबाईने जुन्या लुगड्याची जाड चुंबळ वळून लिंबाजीच्या कमरेखाली दिली, म्हणजे जखम अधांतरी राहील. मिठाच्या पाण्याने धुणं, पट्टी बदलणं, उचलणं, पुन्हा धुणं. कस्तुराबाईंनी व्यंकटराव घरी नेण्याइतके बरे झाल्यावरही पंधरा दिवस मुक्काम लांबवला. "पाटलाचं काय, घरी गडीमानसं हाईत," म्हणायच्या, "ह्या पोराला सवय हाय मपल्या हाताची." सारजाबाईला मात्र त्या आता ऊठसूट झापायच्या आणि सारजाबाई ऐकून घ्यायची. लिंबाजी वाचला. मांडी महिन्या-दोन महिन्यांत जुळली. पाठ भरायला दिवाळी उजाडली.

मधल्या काळात बन्सीधर एक कागद घेऊन आला. मजकूर तयार होता, फक्त सही हवी होती. ‘सदर रुग्णाची जखम घरच्या लोकांच्या हेळसांडीमुळे पूर्वीपासूनच होती. नर्सने तपासणीच्या दिवशी गैरसमजाने वर्तन केले.’ खाली आणखी एक ओळ होती. नर्सने स्वतःच्या कामास द्यावयाचे गुण, शंभरपैकी.

"सही करा बाई," बन्सीधर म्हणाला. तो काही दुष्ट नव्हता; त्याला खरंच तिचं भलं व्हावं असं वाटत होतं. "आठ दिवसांत कायमचा हुकूम हातात. कुनाचं काय जायलंय?"

"धुरपताबाईचं जायलंय," सारजाबाई म्हणाली.

तिने टाक घेतला आणि मजकुरावर आडवी रेघ ओढली. तिचं अक्षर उर्दूत वळणदार होतं. मराठीत ती पोरासारखं गिरवून लिहायची. तिने लिहिलं, ‘जखम दवाखान्यात झाली. माझ्यामुळे झाली.’ आणि गुणांच्या जागी एक मोठं शून्य काढलं.

कागद जिल्ह्याला गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. वर लाल शाईत शेरा होता. ‘प्रथम क्रमांकाच्या दवाखान्यातील नर्सने शून्य गुण नोंदविण्याची तरतूद नाही. किमान चाळीस नोंदवून कागद परत करावा.’ तिने पुन्हा शून्य लिहून पाठवलं. कागद पुन्हा आला. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला बन्सीधरनेच कंटाळून पंचेचाळीस लिहिलं, खाली तिच्या नावाची सही ठोकली आणि फाइल बंद केली. तर सरकारदरबारी सारजाबाईने लिंबाजीची जी काळजी घेतली, तिला शंभरपैकी पंचेचाळीस गुण आहेत. कायमचा हुकूम मात्र शिस्तीच्या पाच गुणांवर अडकला तो अडकलाच.

डॉक्टर दिनकररावांची बदली झाली. जाताना त्यांनी पहिल्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्र चौकटीत घालून वॉर्डात टांगलं. पुढच्या वर्षी नवं पत्रक आलं. तपासनीस साहेबांनी आपला शब्द वर नेला असावा, कारण त्यात ‘पाठ’ असा रकाना होता. त्याला पाच गुण होते. चादरीचे वीस तसेच होते.

साठ सालापर्यंत दवाखान्याला आणखी दोन नर्स मिळाल्या, कोवळ्या, सनदा मराठीत, कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या. सारजाबाई त्यांना पहिल्या दिवशी काही शिकवत नसे. बाजाराच्या दिवसाची वाट बघायची. त्या दिवशी लिंबाजी बाजाराला आला की दवाखान्यात डोकावून जायचा. थोडा लंगडायचा, एरवी धडधाकट. कधी भाजी ठेवायचा, कधी नुसता राम राम. बाई त्याला व्हरांड्यात उभा करायची, पाठमोरा वळवायची, सदरा वर करायची आणि धोतराची कनवट दोन बोटं खाली ओढायची. चारचौघांत. गडी कानापर्यंत लाल व्हायचा आणि पुटपुटायचा, "बाई, लोकं बघायलेत."

"बघू दे."

माकडहाडावर एक खळगी होती, सुपारी बसेल एवढी, वर पातळ गुलाबी कातडी. बाई नव्या पोरीचं बोट धरायची आणि त्या खळगीत टेकवायची. पोरगी हात मागे घ्यायला बघायची. बाई सोडत नसे.

"दाब जरा. हाड लागायलंय?"

"हो," पोरगी म्हणायची. मग हमखास विचारायची, "ही कोणी केली, बाई?"

"मी," सारजाबाई म्हणायची.